युद्धाचे कायदे आणि त्यांची अंमलबजावणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे लढाई पेटली की बातम्यांत ‘युद्धगुन्हा’, ‘जिनिव्हा करार’, ‘अटक वॉरंट’ हे शब्द धडाधड आदळू लागतात आणि मग तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. जिथे कायदा सरळ आहे तिथे उत्तर दोन ओळींत आटोपलं आहे. जिथे तो स्वतःच अडखळतो तिथे थोडं थांबावं लागलं.

युद्ध म्हणजे माणसं मारणंच. मग त्याला कायदा कसला?

दोन प्रश्न आधी वेगळे करू. युद्ध करायचा हक्क होता का, हा पहिला. त्याचं उत्तर १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आहे : बळाचा वापर निषिद्ध, अपवाद स्वसंरक्षणाचा आणि सुरक्षा परिषदेच्या परवानगीचा. दुसरा प्रश्न असा की, युद्ध सुरू झालंच आहे, तर लढताना काय चालेल आणि काय नाही? हे पान त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. त्याचं औपचारिक नाव आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा.

हे दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. आक्रमण करणाऱ्या देशाचा जखमी शिपाई आणि बचाव करणाऱ्याचा जखमी शिपाई, दोघांना मलमपट्टीचा हक्क सारखाच. ‘न्याय्य बाजूलाच संरक्षण’ असं म्हटलं असतं तर ते कोणालाच मिळालं नसतं, कारण आपली बाजू अन्याय्य आहे असं मानून कोणी लढायला उतरत नाही. हा कायदा युद्ध थांबवत नाही आणि थांबवतो असं म्हणतही नाही.

हे नियम आले कुठून?

संयम, शरणागत, दूताला अभय या कल्पना सगळ्या संस्कृतींत जुन्याच. लेखी, अनेक देशांनी मिळून सही केलेला कायदा मात्र तसा अलीकडचा आहे. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोला फ्रेंच-सार्डिनियन आणि ऑस्ट्रियन फौजा भिडल्या. ऑनरी द्युनाँ नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी तिथे पोचला होता. त्याला दिसले ते हजारो जखमी, पाण्यावाचून पडलेले. शेजारच्या गावातल्या बायांना हाताशी धरून त्याने जमेल तेवढं केलं आणि पुढे जाऊन ते लिहून काढलं. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनिव्हा करार झाला, अवघ्या १० कलमांचा. द्युनाँचा धंदा पुढे बुडाला, तो कफल्लक झाला. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला विभागून मिळालं.

त्याच सुमारास, १८६३ मध्ये, अमेरिकी यादवी युद्धात लिंकनच्या सरकारने आपल्या सैन्यासाठी लायबर संहिता काढली. १८९९ आणि १९०७ च्या हेग परिषदांत लढण्याच्या पद्धतींचे नियम ठरले. आज ज्यांचं नाव घेतलं जातं ते चार जिनिव्हा करार १२ ऑगस्ट १९४९ चे. पहिला जमिनीवरच्या जखमींसाठी, दुसरा समुद्रावरच्या, तिसरा युद्धकैद्यांसाठी, चौथा सामान्य नागरिकांसाठी. चौथ्याला इतका उशीर का झाला, याचं उत्तर १९३९ ते १९४५ या वर्षांत आहे.

एखाद्या देशाने सहीच केली नसेल तर?

चार करारांच्या बाबतीत हा प्रश्न उरलेला नाही. १९६ देश त्यांना बांधील आहेत, म्हणजे जवळजवळ सगळं जग. १९७७ च्या दोन जोड-करारांची गोष्ट वेगळी. पहिल्यात १७० हून अधिक देश आहेत, पण अमेरिका, भारत, पाकिस्तान, इस्रायल, इराण नाहीत. म्हणून ते मोकळे सुटतात असं नाही. त्यातले मुख्य नियम प्रथेने रूढ झालेले आहेत आणि रूढ नियम सहीविना लागू होतो. शिवाय १८९९ पासून एक वाक्य करारांत चालत आलं आहे, मार्टेन्स नावाच्या रशियन कायदेपंडिताच्या नावाने ओळखलं जाणारं. मथितार्थ असा की, करारात एखादी गोष्ट लिहायची राहून गेली म्हणून ती करायला मुभा आहे असं समजू नका.

देशाच्या आतली लढाई, बंडखोर, टोळ्या यांना काय लागू?

आजच्या बहुतेक लढाया याच जातीच्या आहेत. चारही करारांत तिसरं कलम जवळजवळ शब्दशः एकच आहे आणि ते अशा संघर्षांसाठी आहे : जे लढत नाहीत किंवा लढायचे थांबले त्यांना मारू नका, छळू नका, ओलीस ठेवू नका, नीट खटल्याशिवाय शिक्षा देऊ नका, जखमींना उचला. हे सरकारवर बंधनकारक आहे आणि बंडखोरांवरही.

एक फरक लक्षात ठेवायचा. दोन देशांच्या युद्धात शत्रूचा सैनिक पकडला तर ‘तू आमच्यावर गोळी झाडलीस’ एवढ्यावरून त्याच्यावर खटला भरता येत नाही. लढणं हा त्याचा हक्क होता. बंडखोराला हे कवच नाही. सरकार त्याच्यावर देशाच्या कायद्याखाली गुन्हा लावू शकतं. सरकारं आपल्याकडच्या संघर्षाला ‘युद्ध’ म्हणायला इतकी का बिचकतात, त्याचं एक कारण इथेच आहे : शब्द मान्य केला की नियमही मान्य करावे लागतात. खरं तर नियम वस्तुस्थितीवरून लागू होतात, सरकारने काय नाव दिलं त्यावरून होत नाहीत.

मग मारायला परवानगी आहे तरी कोणाला?

सैनिकाला, तो हातात बंदूक घेऊन उभा असो की झोपलेला असो. अश्वत्थाम्याने रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारलं हे आपल्याला अजून खुपतं, पण आजच्या कायद्याने झोपलेल्या सैनिकांच्या छावणीवर हल्ला वैध ठरतो. अवैध ठरतो तो शरण आलेल्यावर, जखमी होऊन पडलेल्यावर, पकडलेल्यावर केलेला वार. पेटलेल्या विमानातून जीव वाचवायला पॅराशूट घेऊन उडी मारलेल्या वैमानिकावर हवेत गोळी चालवता येत नाही. पॅराशूटने हल्ल्यासाठी उतरणाऱ्या सैनिकावर येते.

सामान्य नागरिकावर हल्ला करायचा नाही, जोवर तो स्वतः प्रत्यक्ष लढाईत भाग घेत नाही तोवर. ‘प्रत्यक्ष’ म्हणजे काय, यावर कायदेपंडितांचं अजूनही वाजतं. दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार नागरिकच राहतो, कारखाना मात्र लक्ष्य होऊ शकतो. पत्रकार नागरिक. सैन्यातले डॉक्टर आणि धर्मगुरू गणवेशात असले तरी संरक्षित.

बॉम्बहल्ल्यात नागरिक मेले म्हणजे युद्धगुन्हा झाला ना?

दर वेळी होतोच असं नाही. लोकांना सर्वांत जास्त बोचतं ते हेच उत्तर आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त.

कायदा तीन गोष्टी विचारतो. लक्ष्य लष्करी होतं का? नागरिकांचं अपेक्षित नुकसान मिळणाऱ्या ठोस लष्करी फायद्याच्या मानाने बेसुमार होतं का? आणि ते नुकसान टाळायला जे करता येण्यासारखं होतं ते केलं का?

समजा, शत्रूचा दारूगोळा एका गोदामात आहे आणि गोदामाला लागून शाळा आहे. ‘शाळेजवळ आहे म्हणून हात लावायचा नाही’ असं कायदा म्हणत नाही आणि ‘दारूगोळा आहे म्हणजे उडवा’ असंही म्हणत नाही. सेनाधिकाऱ्याच्या टेबलावर नकाशा आहे, शेजारी कायदा सल्लागार बसला आहे. प्रश्न येतात ते असे. शाळा भरते कधी, सुटते कधी? रात्री तीनला हल्ला केला तर चालेल का? मोठ्या बॉम्बऐवजी लहान, अचूक क्षेपणास्त्र आहे का? जमिनीत शिरून मग फुटेल असा फ्यूज लावला तर तुकडे कमी उडतील का? कुठल्या दिशेने टाकला तर ढिगारा शाळेकडे पडणार नाही? आधी इशारा देता येईल का, की इशारा दिला तर ट्रक भरून माल हलवतील? आणि ही माहिती आजची आहे की गेल्या महिन्यातली? या प्रश्नांची उत्तरं मिळवणं शक्य असून न मिळवता बटण दाबलं, तर कायदा तिथेच मोडला, मग आत कोणी सापडो न सापडो.

निवाडा करताना अधिकाऱ्याला त्या क्षणी काय ठाऊक होतं आणि काय ठाऊक करून घेता आलं असतं, हे पाहतात. नंतर मोजलेल्या मृतांच्या आकड्यावरून थेट निष्कर्ष काढत नाहीत. यात पळवाट आहे का? आहे. ‘बेसुमार’ म्हणजे किती, याचं कोष्टक कुठेच नाही. एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला ‘लष्करी फायदा’ ठेवून तराजू धरायचा, आणि तो धरणारा लढाईतला एक पक्ष. दोष उघड आहे. पण याहून बरा नियम आजवर कोणाला लिहिता आलेला नाही.

मुद्दाम नागरिकांनाच लक्ष्य केलं तर हा तराजू काढायचंच कारण नाही. तो सरळसरळ युद्धगुन्हा.

शत्रू रुग्णालयात लपला असेल तर?

रुग्णालयाचा वापर शत्रूविरुद्ध घातक कृत्यांसाठी होत असेल तर त्याचं संरक्षण जाऊ शकतं. पण आधी इशारा द्यावा लागतो, वाजवी मुदत द्यावी लागते, आणि त्यानंतरही आतल्या रुग्णांचा विचार आणि वर सांगितलेला तराजू सुटत नाही. तिथे जखमी सैनिकांवर उपचार चालू आहेत, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेल्या बंदुका कोपऱ्यात पडल्या आहेत, एवढ्याने संरक्षण जात नाही. नागरिकांना ढाल म्हणून पुढे करणं हा गुन्हाच. पण ढाल केलेली माणसं नागरिकच राहतात.

समोरचा नियम पाळत नाही, मग आपणच का पाळायचे?

कारण बंधन त्याच्याशी केलेल्या देवघेवीचं नाही. समोरच्याने मोडले म्हणून आपल्यावरचे नियम सुटत नाहीत. युद्धकैद्यांवर किंवा जखमींवर सूड उगवणं तर स्पष्टपणे निषिद्ध आहे. व्यवहार मात्र याहून रोकडा आहे. आपले सैनिक त्यांच्या ताब्यात असतात तेव्हा त्यांचे सैनिक आपल्या ताब्यात नीट राहतात. शरण आलेल्याला ठार मारतात अशी ख्याती झाली की समोरचा शेवटच्या गोळीपर्यंत लढतो, हे कुठल्याही अनुभवी सेनाधिकाऱ्याला करार न वाचता कळतं.

शत्रूला फसवणं चालतं का?

गनिमी कावा चालतो, दगा चालत नाही. छद्मावरण, खोटे रणगाडे, चुकीची बातमी पेरणं, पिछेहाटीचं सोंग, सगळं वैध. पांढरं निशाण दाखवून जवळ बोलवायचं आणि गोळी झाडायची, किंवा रेडक्रॉसच्या गाडीतून सशस्त्र माणसं न्यायची, हा दगा. पहिल्यात शत्रू स्वतःच्या अंदाजाने फसतो. दुसऱ्यात त्याने कायद्यावर ठेवलेला विश्वास वापरून त्याला मारलेलं असतं. अशा एका प्रसंगानंतर पुढच्या खऱ्या रुग्णवाहिकेवरही गोळी चालते.

युद्धकैद्याला नेमके काय हक्क असतात?

तिसरा जिनिव्हा करार वाचताना गंमत वाटते, इतका तो बारकाईत शिरतो. कैद्याला सांगावं लागतं ते फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यक्रमांक. बाकी काही सांगितलं नाही म्हणून त्याला छळायचं नाही, दमदाटीसुद्धा नाही. महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा. तंबाखू ओढू द्यायची. राहायची जागा पकडणाऱ्या सैन्याच्या स्वतःच्या शिपायांना मिळते तितकी तरी बरी हवी. दरमहा आगाऊ पगार : साध्या शिपायाला ८ स्विस फ्रँक, जनरलला ७५. हे आकडे १९४९ चे आहेत आणि करारात तसेच बसून आहेत. अधिकाऱ्यांना कामाला जुंपता येत नाही.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते पळून जाण्याबद्दलचं कलम. कैदी पळाला आणि पकडला गेला, तर त्याला फक्त शिस्तभंगाची किरकोळ शिक्षा. यशस्वीपणे पळून आपल्या सैन्याला जाऊन मिळाला आणि पुन्हा कधी लढाईत सापडला, तर आधीच्या पलायनाबद्दल काहीच नाही. पळायचा प्रयत्न करणं हे सैनिकाचं कर्तव्य आहे, हे पकडणाऱ्यानेही मान्य केलं आहे.

प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब सुटका, असा नियम आहे. इराण-इराक युद्ध १९८८ मध्ये थांबलं. शेवटचे कैदी घरी गेले २००३ मध्ये.

पकडलेल्या सैनिकाचा व्हिडिओ टाकला तर काय बिघडलं?

बिघडतं. अपमान आणि ‘लोकांच्या कुतूहलापासून’ त्याचं रक्षण करण्याची जबाबदारी पकडणाऱ्या देशावर आहे. त्याला जेवण देतानाचा गोड व्हिडिओसुद्धा त्यातच येतो.

कुठली शस्त्रं वापरायला बंदी आहे?

सुरुवात १८६८ ची : ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या नकोत, असं सेंट पीटर्सबर्गला ठरलं. ज्या गोळीने माणूस आडवा होतो तीच आत फुटून त्याला फाडत असेल तर त्या जास्तीच्या यातनेतून लष्करी फायदा शून्य, हा त्यामागचा विचार. शरीरात पसरणारी दमदम गोळी १८९९ मध्ये, विषारी वायू १९२५ मध्ये, जैविक अस्त्रं १९७२ मध्ये आणि आंधळं करणारे लेसर १९९५ मध्ये बंद झाले. रासायनिक अस्त्रांच्या बाबतीत १९९३ च्या करारात तपासणीची यंत्रणाही आहे, आणि देशांनी जाहीर केलेला शेवटचा साठा २०२३ मध्ये नष्ट झाला. या कायद्याच्या खात्यावर जमेच्या ज्या मोजक्या नोंदी आहेत त्यांतली ही एक. त्याच करारात असलेल्या सीरियाने ती अस्त्रं तरीही वापरली, हीसुद्धा नोंद आहे.

माणसांविरुद्धचे भूसुरुंग (१९९७) आणि क्लस्टर बॉम्ब (२००८) यांवरचे करार सही करणाऱ्यांपुरते आहेत, आणि बऱ्याच मोठ्या लष्करी सत्ता त्यांच्याबाहेरच राहिल्या. आता तर उलटा प्रवाह दिसतो : २०२५ मध्ये बाल्टिक देश, पोलंड आणि फिनलंड यांनी भूसुरुंग करारातून बाहेर पडायचं ठरवलं. एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. अश्रुधूर लढाईचं साधन म्हणून शत्रूच्या सैनिकावर सोडता येत नाही, पण पोलीस तो जमावावर सोडू शकतात.

आणि अणुबॉम्ब?

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ मध्ये सल्ला दिला की, अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे युद्धाच्या नियमांविरुद्ध जाईल. पण देशाचं अस्तित्वच पणाला लागलं असेल अशा टोकाच्या स्वसंरक्षणात तो वैध की अवैध, हे नक्की सांगता येत नाही. मतं सात विरुद्ध सात पडली होती. अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. पूर्ण बंदीचा करार २०१७ चा आहे, पण ज्यांच्याकडे बॉम्ब आहे त्यांच्यापैकी एकाचीही त्यावर सही नाही.

हे सगळं लागू करतं कोण? पोलीस कुठे आहेत?

पोलीस नाहीत. बहुतेक निराशा इथून येते, आणि ती खोटी नाही. पण अंमलबजावणी म्हणजे फक्त हेगचं कोर्ट, असं मानलं की मोठा भाग नजरेआड होतो.

पहिली आणि खरी अंमलबजावणी गोळी सुटण्याआधीची असते : सैनिकाचं प्रशिक्षण, बळाचा वापर कधी करायचा याचे लेखी हुकूम, टेबलाशी बसलेला कायदा सल्लागार, आणि आपल्याच माणसावर कोर्ट मार्शल करायची तयारी. जिथे हे जागेवर असतं तिथे नियम पाळले जातात आणि त्याची बातमी होत नाही. झाडलीच नाही ती गोळी कोण मोजणार?

दुसरी पायरी दडपणाची : रेडक्रॉसच्या भेटी, मित्रदेशांनी शस्त्रपुरवठा रोखणं, निर्बंध, चौकशी आयोग. तिसरी, खटले. सुरक्षा परिषद हे सगळ्यांत धारदार हत्यार, पण पाच कायम सदस्यांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की ते म्यान. मे २०१४ मध्ये सीरियाचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवायचा ठराव आला. १३ मतं बाजूने पडली. रशिया आणि चीनने तो अडवला. सुदानमधलं दारफूर (२००५) आणि लिबिया (२०११) यांचे ठराव मात्र मंजूर झाले होते. ज्याच्या पाठीशी कायम सदस्य उभा आहे तो या दारातून कधी आत येत नाही.

रेडक्रॉसला सगळं दिसतं, मग ते गप्प का बसतात?

बोलले तर पुढच्या वेळी तुरुंगाचं दार उघडणार नाही म्हणून. ते कैद्याला एकांतात भेटतात, अहवाल ताब्यात ठेवणाऱ्या सत्तेलाच देतात. इराकमधल्या अबू घरीब तुरुंगातल्या छळाबद्दल त्यांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना सांगितलं होतं ते २००४ मध्ये छायाचित्रं फुटण्याच्या आधी. त्यांच्या कर्मचाऱ्यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही साक्षीला ओढू शकत नाही. हे मौन चीड आणणारं आहे खरं. पण त्या कोठडीत शिरणारा बाहेरचा माणूस बहुधा तोच एकटा असतो.

हेगमध्ये नक्की किती कोर्टं आहेत?

दोघांत गल्लत होते. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांमधले वाद ऐकतं. तिथे माणूस आरोपी नसतो. २०२२ मध्ये त्याने युगांडाला काँगोला ३२.५ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं, पाच वार्षिक हप्त्यांत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय माणसांवर खटले चालवतं. रोम करार १९९८ चा, काम २००२ पासून, सदस्य देश सुमारे १२५. अमेरिका, रशिया, चीन, भारत, इस्रायल सदस्य नाहीत. तरीही सदस्य देशाच्या भूमीवर गुन्हा घडला असेल तर आरोपी कुठल्याही देशाचा असला तरी चालतो. देशाची स्वतःची न्यायव्यवस्था प्रामाणिकपणे खटला चालवत असेल तर हे कोर्ट मध्ये पडत नाही. फाशी नाही, कमाल ३० वर्षं किंवा जन्मठेप.

पहिली शिक्षा २०१२ मध्ये काँगोच्या थॉमस लुबांगाला, १५ वर्षांखालच्या मुलांना लढाईत वापरल्याबद्दल १४ वर्षं. २०१६ मध्ये मालीतल्या टिंबक्टूमधल्या प्राचीन कबरी पाडल्याबद्दल अल महदीला नऊ वर्षं. दोन दशकांच्या मानाने शिक्षा मोजक्याच, आणि बरीच वर्षं आरोपींच्या पिंजऱ्यात आफ्रिकी चेहरेच दिसले, ही तक्रारही बिनबुडाची नाही.

वॉरंट निघूनही नेते बिनधास्त फिरतात, मग वॉरंटचा अर्थ काय?

कोर्टाकडे स्वतःचा शिपाईसुद्धा नाही. अटक सदस्य देशांनी करायची. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघालं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलिया या सदस्य देशात गेले, त्यांचं स्वागत झालं, ते परतले. कोर्टाने मंगोलियाला दोष दिला, बस. उलट, त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिक्स परिषदेला ते गेलेच नाहीत, पडद्यावरून बोलले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतन्याहू यांच्यावर वॉरंट निघालं, तेव्हापासून कुठल्या देशात उतरायचं हा त्यांच्यासमोरही प्रश्न आहे. जग थोडं आक्रसतं, एवढाच तूर्त अर्थ.

पण वेळ लागू द्या. बोस्नियातल्या सर्बांचे नेते कराजिच १३ वर्षं सापडले नव्हते. जुलै २००८ मध्ये बेलग्रेडमध्ये एका बसमधून उतरवलेला माणूस निघाला लांब पांढऱ्या दाढीचा, खोट्या नावाने पर्यायी उपचार करणारा ‘डॉक्टर’. तोच तो. २०१९ मध्ये अपिलात शिक्षा वाढून जन्मठेप झाली. त्यांच्यावर आरोप ठेवणाऱ्या, माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले आणि शेवटी फरार एकही उरला नाही. वारे फिरले की कालचा आश्रयदाता उद्या हातात बेडी घेऊन येतो, आणि युद्धगुन्ह्याला मुदतबाह्य होण्याची भीती नसते.

‘मला हुकूम होता’ हा बचाव चालतो का?

हुकूम उघड बेकायदा असेल तर नाही. जून १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीने ‘लँडोव्हरी कॅसल’ हे रुग्णालय-जहाज बुडवलं आणि मग जीवरक्षक होड्यांवर गोळीबार केला. १९२१ मध्ये लाइपझिगच्या कोर्टाने, म्हणजे जर्मनीच्याच कोर्टाने, दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांचा ‘हुकूम पाळला’ हा बचाव फेटाळला : होडीतल्या निराधारांना मारणं गुन्हा आहे हे कोणालाही कळतं. चार चार वर्षांची शिक्षा झाली. कॅप्टन हाती लागलाच नाही, आणि ते दोघेही काही महिन्यांत तुरुंगातून निसटले. निकालातलं तत्त्व मात्र टिकलं.

१६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाई. अमेरिकी तुकडी गावातल्या बाया, मुलं, म्हातारे यांना मारत सुटली होती. ह्यू थॉम्पसन हा वैमानिक वरून पाहत होता. त्याने आपलं हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मधोमध उतरवलं आणि आपल्या दोन साथीदारांना सांगितलं की, यांनी गावकऱ्यांवर गोळी चालवली तर तुम्ही यांच्यावर चालवा. मग दुसरी हेलिकॉप्टरं बोलावून त्या लोकांना बाहेर काढलं. शिक्षा झाली ती फक्त लेफ्टनंट कॅलीला. जन्मठेप, पण प्रत्यक्षात साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतेक नजरकैदेत. थॉम्पसनला बराच काळ गद्दार म्हणून वागवलं गेलं. त्या कामाचं पदक मिळायला १९९८ उजाडलं.

वरच्या अधिकाऱ्याने हुकूम दिलाच नसेल तर तो सुटला?

हाताखालचे गुन्हे करताहेत हे ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं, आणि रोखलं नाही, शिक्षाही केली नाही, तर तोही दोषी. सिद्ध करणं अवघड. काँगोतल्या सशस्त्र गटाचा नेता बेम्बा याला २०१६ मध्ये याच कारणाने १८ वर्षं झाली आणि २०१८ मध्ये अपिलात तो निर्दोष सुटला.

हा सगळा जेत्यांचा न्याय नाही का?

बऱ्याच अंशी आहे. न्यूरेंबर्गमध्ये (१९४५-४६) २२ नाझी नेत्यांचा निकाल लागला : १२ फाशी, ७ तुरुंग, ३ निर्दोष. जर्मन शहरांवरच्या बॉम्बवर्षावाचा खटला कुठेही चालला नाही. टोकियोमध्ये जपानी नेत्यांवरच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवत सर्व आरोपींना निर्दोष मानणारं भिन्नमत लिहिलं.

पण एक तपशील पाहा. जर्मन नौदलाच्या ॲडमिरल डोनित्झच्या वकिलाने अमेरिकेच्या ॲडमिरल निमित्झकडून लेखी उत्तर मिळवलं की, पॅसिफिकमध्ये अमेरिकी पाणबुड्यांनीही पहिल्या दिवसापासून बिनइशारा जहाजं बुडवली. न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी मग पाणबुडी युद्धाच्या नियमभंगासाठी डोनित्झच्या शिक्षेत भर घातली नाही. दहा वर्षं झाली ती इतर आरोपांवर. जेत्यांच्या कोर्टातही जेत्यांची गोष्ट कधीमधी नोंदली जाते.

दुसऱ्याच देशाच्या कोर्टात खटला चालू शकतो?

हो. जिनिव्हा करारांच्या गंभीर भंगासाठी आरोपी कुठेही सापडला तरी त्या देशाने खटला चालवायचा किंवा त्याला चालवणाऱ्याच्या हवाली करायचं. सीरियाच्या गुप्तचर खात्यातला अन्वर रसलान जर्मनीत आश्रयाला आला होता. कोब्लेन्झच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी त्याला जन्मठेप दिली. सुरक्षा परिषदेत जे अडलं होतं ते एका मध्यम आकाराच्या शहरातल्या न्यायालयात झालं.

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुरावा ठरतो?

ठरू शकतो, पण फॉरवर्ड झालेली प्रत फारशी कामाची नसते. मूळ फाइल, तिची वेळ आणि जागा, ती कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी लागते. तपास करणारे सावलीची लांबी, मागचा मनोरा, उपग्रहाची छायाचित्रं जुळवून पाहतात. म्हणून मूळ फाइल कापू नये, त्यावर संगीत चढवू नये, ती पुसू नये.

घरचा माणूस लढाईत बेपत्ता झाला तर विचारायचं कोणाला?

आपल्या देशाच्या सैन्याला आणि रेडक्रॉसच्या राष्ट्रीय शाखेला. प्रत्येक लढणाऱ्या देशाने माहिती कार्यालय उघडून पकडलेल्या आणि मेलेल्या शत्रुसैनिकांची नावं कळवायची असतात. ती जिनिव्हातल्या मध्यवर्ती शोधसंस्थेमार्फत दुसऱ्या बाजूला पोचतात. पहिल्या महायुद्धात हे काम स्वयंसेवकांनी हाताने केलं. सुमारे ७० लाख कार्डं भरली गेली, आणि ती अजून जपून ठेवलेली आहेत.

सैनिकाच्या गळ्यातला ओळखबिल्ला अनेक सैन्यांत दुहेरी असतो तो याचसाठी. पहिल्या जिनिव्हा करारात लिहिलं आहे की, मेलेल्या शत्रूच्या बिल्ल्याचा अर्धा भाग देहावर राहू द्यायचा, म्हणजे पुढे कधी कबर उकरावी लागली तर ओळख पटेल. दुसरा अर्धा, त्याचं मृत्युपत्र, खिशातले पैसे आणि ज्या वस्तूंना घरच्यांच्या लेखी मोल असेल त्या सगळ्या, सीलबंद पाकिटात, यादीसह, त्याच्या घरच्यांपर्यंत पोचवायच्या. ते पाकीट बांधायचं त्याला मारणाऱ्या बाजूने.